लिव्हर यंत्राच्या हाती, पण पाटी कोण लिहिणार?



'तिकीट बंद करा.' हे तीन शब्द वाचून तुमच्या मनात काय येते? बुकिंग खिडकीवरच्या साथीला वाटेल, विक्री थांबवण्याचा हुकूम आला. टपाल खात्यातला साथी विचारील, कुठले तिकीट, पाच रुपयांचे की दहाचे? प्रवासी 'तिकीट रद्द करा' म्हणतो तेव्हा त्याला परतावा हवा असतो. पण आजकाल तक्रारी ज्या संगणक व्यवस्थेत नोंदवल्या जातात, त्या हेल्पडेस्कच्या भाषेत 'तिकीट' म्हणजे तक्रार, आणि तिकीट बंद करणे म्हणजे तक्रार निकाली काढणे.

शब्द एक, अर्थ तीन. खिडकीत माणूस बसलेला असला तर तो समोरच्याचा चेहरा पाहून अर्थ ओळखतो. यंत्र काय पाहणार? या लेखाचा विषय हाच आहे. विषय नवा वाटला तरी आपल्या पोटाशी आणि आपल्या चार्जशीटशी त्याचा संबंध आहे, म्हणून थोडा वेळ काढून वाचावे ही विनंती.

माझा पुतण्या पुण्याला सॉफ्टवेअरच्या कामात आहे. गेल्या दिवाळीत तो रायपूरला आला तेव्हा त्याने मला लॅपटॉपवर एक यादी दाखवली. 'तिकीट शोधा', 'तिकीट बदला', 'तिकीट बंद करा' अशी दहा-बारा नावे होती आणि प्रत्येक नावाखाली एक ओळ. तो म्हणाला, "काका, ही ओळ माणसासाठी नाही, एआय एजंटसाठी आहे."

मी मॅट्रिक झालेला माणूस. त्याने जे समजावले ते मला समजले तसे सांगतो. जुने चॅटबॉट ठरलेल्या प्रश्नाला ठरलेले उत्तर देत. एजंट त्याच्या पुढे जातो. तो तक्रार वाचतो आणि कोणते काम करायचे ते स्वतः ठरवतो. जुनी तक्रार शोधायची, दुसऱ्या खात्याकडे पाठवायची, उत्तर द्यायचे की बंद करायची, हे तोच ठरवतो. अशा एकेका कामाला हे लोक 'टूल' म्हणतात. टूलच्या पोटात प्रोग्राम असतो, पण एजंटला तो सहसा दिसत नाही. त्याला दिसते टूलचे नाव, त्याखालचे दोन-चार ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती भरायची तिची यादी. आपल्या कार्यालयाची पद्धत त्याला ठाऊक नाही. वर्णनात लिहिले असेल तेवढे त्याला कळते, बाकी सगळा अंदाज.

त्या यादीत एका टूलखाली लिहिले होते, 'तिकीट अपडेट करते.' बस, इतकेच. मी विचारले, "काय अपडेट करते? तक्रारदाराला एसएमएस जातो का? चुकून बंद झालेली तक्रार परत उघडते का?" पुतण्या म्हणाला, "लिहिणाऱ्याला ठाऊक असेल." मी म्हटले, "लिहिणारा घरी गेला. रात्रपाळीला तर यंत्र आहे!"

हे सारे दूरचे आहे असे कोणी समजू नये. आयआरसीटीसीचा 'आस्क दिशा' हा चॅटबॉट २०१८ सालीच आला. वेगवेगळ्या हेल्पलाइन एकत्र करून १३९ हा क्रमांक २०२० पासून पुढे आणला गेला. 'रेल मदद'वर येणारी तक्रार कोणत्या विभागात, कोणत्या खात्यात गेली आणि किती वेळात निकाली निघाली, हे वरपर्यंत मोजले जाते. केंद्राच्या सार्वजनिक तक्रार व्यवस्थेत, म्हणजे सीपीग्राम्समध्ये, रेल्वे आणि टपाल दोन्ही खात्यांच्या तक्रारी येतात. तेथे २०२३ साली आयआयटी कानपूरच्या मदतीने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी देखरेख व्यवस्था सुरू झाली आणि २०२४ साली निकालाची मुदत ३० दिवसांवरून २१ दिवसांवर आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या अमेरिकी कंपनीने एजंटला बाहेरची टूल्स जोडण्याची 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' ही सामाईक पद्धत जाहीर केली. हेल्पडेस्कची सॉफ्टवेअरे आपल्या देशातही तयार होतात. फ्रेशवर्क्स ही कंपनी २०१० साली चेन्नईतच सुरू झाली. म्हणजे माल तयार आहे, रूळ टाकलेला आहे आणि मुदतीची घाई वरून आहे. आपल्या टेबलावर एजंट यायला किती उशीर लागेल?

आता माझ्या कामाची गोष्ट सांगतो. १९९१ साली मी पॉइंट्समन म्हणून लागलो. तेव्हा आपला भाग दक्षिण पूर्व रेल्वेत होता. दक्षिण पूर्व मध्य रेल्वे आणि रायपूर विभाग २००३ साली झाले. केबिनमध्ये मला एका वयस्क लिव्हरमनने शिकवले. तो पहिल्या दिवशी म्हणाला, "लिव्हरला हात लावायच्या आधी पाटी वाच." प्रत्येक लिव्हरला पाटी असे. तिच्यावर लिव्हरचा क्रमांक, तो काय हलवतो ते आणि त्याच्या आधी कोणते लिव्हर ओढले पाहिजेत त्यांचे क्रमांक. रंगही ठरलेले होते. थांब्याच्या सिग्नलचा लाल, सांध्याचा काळा, लॉकचा निळा आणि कामात नसलेला पांढरा. नवा माणूससुद्धा पाटी वाचून समजे की हा लिव्हर काय करतो, कधी ओढायचा आणि कधी नाही.

पुतण्याच्या यादीत मला नेमके हेच सापडले नाही. लिव्हर होते, पाट्या कोऱ्या होत्या.

कोऱ्या पाटीने काय होते त्याचा अनुभव आपल्याला यंत्र येण्यापूर्वीचाच आहे. आमच्या एका दिवंगत सभासदाच्या पत्नीने कुटुंब पेन्शनच्या थकबाकीसाठी एका कार्यालयात ऑनलाइन तक्रार केली. कार्यालयाचे नाव घेत नाही. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर संदेश आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' पैसा तर एक आला नाही. ती माउली संदेश दाखवायला आली आणि म्हणाली, "भाऊ, निकाली म्हणजे आता मिळणार नाही का हो?" मी त्या कार्यालयात गेलो. जुन्या क्लार्कने खरी गोष्ट सांगितली. "त्या संगणकात 'पुढे पाठवा' दाबले की आमच्याकडची तक्रार बंद होते, आणि पुढच्या कार्यालयात नवी आपोआप उघडत नाही. म्हणून आम्ही आधी फोन करून तिकडचा नंबर घेतो आणि मग दाबतो. नवा मुलगा होता, त्याला कोणी सांगितले नव्हते." त्या बाईला थकबाकी मिळायला पुढे चार महिने लागले.

या गोष्टीत वाईट हेतूचा माणूस एकही नाही. बटणाचे नाव एक आणि काम दुसरे, एवढेच झाले. खरी माहिती कुठे होती? पुस्तिकेत नाही, संगणकात नाही, ती जुन्या क्लार्कच्या डोक्यात होती. उद्या त्या नव्या मुलाच्या जागी एजंट बसला तर तो दिवसाला एक नाही, शेकडो तक्रारी अशाच बंद करील, आणि प्रत्येकीवर 'निकाली' असा शिक्का असेल. कागदावर आकडा उत्तम दिसेल. साहेब खूश होतील. विधवा बाई मात्र दारात उभीच राहील.

अपुऱ्या शब्दांची किंमत रेल्वेवाल्याने प्राणांनी मोजली आहे. १७ जून २०२४ रोजी रांगापानी आणि चत्तरहाट या स्टेशनांच्या दरम्यान कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडीने धडक दिली. दहा जण गेले, त्यात मालगाडीचा लोको पायलटही होता. सकाळपासून ऑटोमॅटिक सिग्नल बिघडलेले होते आणि गाड्या टी/ए ९१२ या फॉर्मवर पुढे सोडल्या जात होत्या. पहिल्याच दिवशी बोट दाखवले गेले ते मृत लोको पायलटकडे. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघाले की दिलेल्या अधिकारपत्रावर वेगाची मर्यादाच लिहिलेली नव्हती आणि अशा प्रसंगी काय करायचे याचे शिक्षणही कर्मचाऱ्यांना पुरेसे दिलेले नव्हते. कागद होता, सही होती. पुढे जा म्हणून सांगितले होते, पण किती सांभाळून जा ते सांगितले नव्हते.

टूलच्या वर्णनाचे तंतोतंत असेच आहे. फरक इतकाच की लोको पायलटला रस्त्याचा अनुभव असतो, एजंटला तोही नसतो.

मग चांगले वर्णन कसे असावे? पुतण्याबरोबर बसून मी एक लिहून पाहिले. ते येथे देतो.

'तक्रार बंद करणे. प्रवाशाने किंवा ग्राहकाने नोंदवलेली तक्रार निकाली काढते. प्रवासाचे तिकीट रद्द करण्यासाठी हे टूल नाही. बंद करताच तक्रारदाराला एसएमएस जातो, तो परत घेता येत नाही. प्रत्यक्ष काम झाल्याची नोंद संबंधित कर्मचाऱ्याने केली असेल तरच वापरावे. तक्रार दुसऱ्या खात्याची असल्यास हे न वापरता 'तक्रार वर्ग करणे' हे टूल वापरावे. पैसा, पेन्शन, जखम, मृत्यू, महिलांची सुरक्षा किंवा कर्मचाऱ्यावरील आरोप असल्यास बंद करू नये, माणसाकडे द्यावी.'

यात विद्वत्ता काही नाही. टूल काय करते, कधी वापरायचे, कधी वापरायचे नाही, नसेल तर त्याऐवजी कोणते, आणि वापरल्यावर परत फिरता येते का, एवढेच सांगितले आहे. केबिनच्या पाटीवर हेच होते.

दुसरी गोष्ट भरायच्या माहितीची. 'क्रमांक भरा' असे लिहून भागत नाही. कोणता क्रमांक? पीएनआर दहा अंकी असतो. गाडीचा क्रमांक पाच अंकी असतो, आणि विशेष गाडीचा शून्याने सुरू होतो. शून्याला किंमत नाही म्हणून यंत्राने तो गाळला तर गाडीच हरवली. स्पीड पोस्टच्या वस्तूचा क्रमांक तेरा अक्षरांचा, म्हणजे आधी दोन अक्षरे, मग नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरे. ०५/०६ ही तारीख आपल्याला पाच जून आहे, अमेरिकेत सहा मे. हे प्रत्येक रकान्यापाशी नमुन्यासह लिहिले पाहिजे. आणि माहिती चुकली तर टूलने नुसते 'चूक' म्हणून थांबू नये, काय चुकले आणि आता काय करायचे ते सांगावे.

टपाल खात्यातल्या साथींना हे नवीन नाही. आपल्याच मराठी माणसाने हा धडा देशाला दिला. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. एकाच नावाची कितीतरी गावे, निरनिराळ्या भाषांतले पत्ते, न लागणारे अक्षर, आणि सॉर्टरने अंदाज बांधायचा. सहा अंकांनी तो अंदाज संपवला. अलिबागचा रायगड जिल्हा आणि आमच्या छत्तीसगडचे रायगढ यांत एका अक्षराचा फरक आहे, इंग्रजीत घाईने लिहिले तर तोही दिसत नाही. पण ४०२२०१ आणि ४९६००१ यांत घोटाळा होत नाही. वेलणकरांनी सॉर्टरला 'नीट वाचत जा' असा मेमो दिला नाही, पत्ता लिहिण्याची रीत सुधारली. आपल्या प्रशासनाने हे लक्षात ठेवावे.

पाटी एकदा लिहून कायमची होत नाही, हेही टपालवाल्यांना ठाऊक आहे. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. ज्या टूलवर अजून 'रजिस्टर पत्राचा शोध येथे घ्यावा' असे जुनेच लिहिलेले असेल, तेथे एजंट जाईल, काही सापडणार नाही आणि ग्राहकाला कळवील की असे पत्रच नाही. मग पोस्टमनच्या नावाने बोंब होईल. परिपत्रक बदलले की त्याच दिवशी वर्णन बदलले पाहिजे.

आणि भाषा! आमच्या रायपुरात एकाच तक्रारीत हिंदी, छत्तीसगढी आणि मराठी भेटते. 'एसी बंद आहे' म्हणजे बिघाड, 'एसी बंद करा' म्हणजे थंडी वाजते. मराठी कर्मचारी 'राजीनामा' लिहितो तेव्हा नोकरी सोडण्याची गोष्ट असते, हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ तडजोड. अर्जातल्या या एका शब्दाचा अर्थ यंत्राने उलटा लावला तर एखाद्याची नोकरी जायची. असे शब्द कोणते ते दिल्लीत किंवा बंगळुरात बसून कळत नाही. खिडकीवर बसणाऱ्यालाच कळते.

येथे काही साथी मला अडवतील. परवाच शाखेच्या सभेत एकाने अडवले. तो म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, यंत्राला आपले काम समजावून द्यायचे म्हणजे आपल्याच हाताने आपली कबर खणायची. चुकू द्या ना त्याला!"

त्याचा राग मला समजतो. पदे रिकामी ठेवायची, माणसे निवृत्त झाली की जागा भरायच्या नाहीत आणि मग यंत्र आणायचे, हे आपण पाहतो आहोत. नोकरकपातीविरुद्धचा आपला लढा वेगळा आहे आणि तो चालूच राहील. पण यंत्र चुकले म्हणून ते परत जात नाही, हा अनुभव आहे. संगणकीकृत आरक्षण १९८५ साली दिल्लीत सुरू झाले तेव्हाही पुष्कळ शंका होत्या. यंत्र राहिले. चूक झाली की प्रवासी खिडकीतल्या क्लार्कवरच ओरडला. डब्यात पाणी नसल्याची तक्रार चुकीच्या खात्यात गेली तर नळ भरणार नाही, पण त्या गाडीवर असलेल्या टीटीईला किंवा ठेक्यावरच्या सफाई कामगाराला जाब द्यावा लागेल. यंत्राला चार्जशीट मिळत नाही, बंधूंनो. ती आपल्याला मिळते.

जबाबदारी कोणाची याबद्दल एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने आजीच्या निधनामुळे प्रवास करणाऱ्याला भाड्याच्या सवलतीची चुकीची माहिती दिली. कंपनीने सांगितले की चॅटबॉट स्वतःच्या कृत्याला स्वतः जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने हे म्हणणे फेटाळले आणि कंपनीला भरपाई द्यायला लावले. यंत्र ज्याचे, जबाबदारी त्याची. कॅनडात जे प्रवाशासाठी मान्य झाले, ते येथे कर्मचाऱ्यासाठी मान्य करून घेणे हे आपले काम आहे.

एक इशारा मात्र स्वतःलाच देतो. वर्णन उत्तम लिहिले म्हणजे सगळे साधले असे नाही. केबिनमध्ये पाटी होती, पण नुसत्या पाटीवर विसंबून गाडी सोडत नव्हते. खाली इंटरलॉकिंग होते. सांधा लागला नसेल तर सिग्नलचा लिव्हर ओढताच येत नसे, कितीही जोर लावा. तसेच ज्या टूलने माणसाचे पैसे, पेन्शन किंवा नोकरी यांवर परिणाम होतो, त्याला कुलूप हवे. दोन स्टेशन मास्तर लाइन क्लिअर देता-घेताना प्रायव्हेट नंबर देतात, तशी माणसाची संमती मिळाल्याशिवाय ते चालता कामा नये.

म्हणून पुढच्या पीएनएममध्ये आणि टपाल खात्याच्या वाटाघाटींत पुढील मागण्या मांडाव्यात, असे मी सुचवतो.

(१) तक्रार व्यवस्थेत एजंट आणण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक टूलचे वर्णन हिंदीत आणि त्या भागाच्या भाषेत संघटनेला दाखवावे.

(२) वर्णन लिहिताना त्या टेबलावर काम केलेले कर्मचारी बसवावेत. तो वेळ ड्युटी धरावा.

(३) 'तिकीट', 'बंद', 'पुढे पाठवा' असे दुहेरी अर्थाचे शब्द टूलच्या नावात वापरू नयेत.

(४) सुरू करण्यापूर्वी जुन्या खऱ्या तक्रारी, नावे झाकून, एजंटला देऊन पाहाव्यात. तो जेथे चुकेल तेथे आधी वर्णन तपासावे.

(५) पैसा, पेन्शन, अपघात आणि कर्मचाऱ्यावरील आरोप यांची तक्रार यंत्राने बंद करू नये.

(६) एजंटने कोणते टूल केव्हा वापरले त्याची नोंद ट्रेन सिग्नल रजिस्टरप्रमाणे ठेवावी, आणि चौकशीत कर्मचाऱ्याला तिची प्रत मिळावी.

(७) यंत्राने चुकीच्या खात्यात टाकलेल्या तक्रारीवरून कोणालाही मेमो देऊ नये.

शाखांच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. मागण्या मान्य होईपर्यंत वाट पाहू नका. आपल्या टेबलावर, आपल्या खिडकीवर, आपल्या सॉर्टिंगमध्ये कोणते बटण नावाप्रमाणे चालत नाही, कोणता शब्द फसवतो, कोणत्या रकान्यात काय भरले की कागद अडतो, हे एका वहीत लिहून ठेवा. निवृत्तीला आलेल्या साथींना आधी विचारा. त्यांच्या डोक्यातले ज्ञान त्यांच्याबरोबर फाटकाबाहेर गेले तर मागे राहील ती कोरी पाटी. आणि कोऱ्या पाटीवर साहेब काय लिहितील ते आपल्याला चांगले ठाऊक आहे.

त्या लिव्हरमनचे वाक्य मी आता थोडे बदलून सांगतो. लिव्हरला यंत्राचा हात लागायच्या आधी पाटी आपण लिहू या.

कामगार एकजुटीचा विजय असो!